मोटारीतील मंद्र ध्वनी : विवर्धक आणि सबवूफर यांचा मेळ

झाशी शहराच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी ओरछ्याच्या वाटेवरचा दरवाजा 'ओरछा गेट' या नावाने प्रसिद्ध आहे. तटाच्या आतील वस्ती 'अंदर ओरछा गेट' आणि बाहेरील वस्ती 'बाहर ओरछा गेट' अशी नावेही त्यावरूनच रूढ झाली. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजा शहरात शिरल्या, त्या प्रसंगाच्या कथांत या दरवाजाचा उल्लेख वारंवार येतो. प्रस्तुत विषय मात्र इतिहासाचा नसून ध्वनिशास्त्राचा आहे. अशा जुन्या दाट वस्तीच्या रस्त्यावरून, काचा बंद केलेली आणि आत मोठ्याने गाणे लावलेली एखादी मोटार गेली, तर रस्त्याकाठच्या घरात काय ऐकू येते? गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चालही ओळखू येत नाही. केवळ 'धम् धम्' असा ठोका येतो आणि त्याबरोबर खिडकीची तावदाने व फळीवरची भांडी थरथरतात. गाण्याचा एवढाच भाग भिंतीपलीकडे का यावा?

याचे उत्तर तरंगांच्या लांबीत आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने जातो. सेकंदास ३,००० कंपने असलेल्या, म्हणजे ३,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर भरते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची भरते साडेआठ मीटरांहून अधिक. आखूड तरंगाला मोटारीची काच व पत्रा अडवितात. लांब तरंग त्यांना सहज हलवितो, कोपऱ्यावरून वळतो आणि भिंतीआडही पोहोचतो. तोफेचा बार जवळून कडाडल्यासारखा व कोसभर अंतरावरून केवळ घुमल्यासारखा वाटतो, त्यालाही असेच कारण आहे : वाटेत उच्च स्वर झिजून जातात आणि मंद्र स्वर तेवढे पुढे पोहोचतात.

हे मंद्र स्वर काढण्यासाठी मोटारीत जो खास ध्वनिक्षेपक बसवितात, त्यास सबवूफर म्हणतात. त्याचे क्षेत्र साधारणतः २० ते ८० हर्ट्झ. काळी एकच्या षड्जावर लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झने कंप पावते, यावरून हे क्षेत्र किती खालचे आहे याची कल्पना यावी. मोटारीतील रेडिओची शक्ती या कामास पुरत नाही. म्हणून वेगळा विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, जोडावा लागतो. तो किती वॅटचा असावा, हा प्रश्न येथे सुरू होतो. दुकानात या प्रश्नाचे उत्तर बहुधा खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याने दिले जाते. तो आकडा फारच थोडे सांगतो.

वॅटचे काय होते?

आज वापरात असलेल्या ध्वनिक्षेपकाची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या रचनेहून तत्त्वतः निराळी नाही. बळकट चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे लोंबते ठेवलेले असते. त्यातून मागेपुढे बदलणारा विद्युत्प्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे सरकते आणि त्याला चिकटविलेला शंकू हवा ढकलतो.

या व्यवहारात शक्तीचा अपव्यय किती होतो, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. मोटारीतील सामान्य सबवूफरला १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर सुमारे ८६ डेसिबेलचा ध्वनी निघतो. याचा हिशेब केला, तर दिलेल्या शक्तीपैकी हजारी अडीच भागच ध्वनिरूप होतो असे दिसते. ३०० वॅट दिले तर पाऊण वॅटचा ध्वनी मिळतो. उरलेले २९९ वॅट उष्णता बनून वेटोळ्यात राहतात. कपड्यांची इस्त्री साधारणतः ७५० ते १,००० वॅटची असते. तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उष्णता एका बांगडीएवढ्या वेटोळ्यात, तारांवरच्या पातळ लेपाला आणि गोंदाला सहन करावी लागते. सबवूफरवर लिहिलेली वॅटसंख्या ही त्याच्या आवाजाचे माप नसून त्याच्या सहनशक्तीचे माप आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचा बराच गोंधळ टळतो.

तांबे तापले की त्याचा विद्युत्-रोध वाढतो. अंशामागे शेकडा ०.३९ या प्रमाणात. वेटोळ्याचे तापमान २०० अंशांनी चढले, तर रोध मूळच्या पावणेदोन पटींहून अधिक होतो, विवर्धकाकडून घेतली जाणारी शक्ती त्या प्रमाणात घटते आणि आवाज सुमारे अडीच डेसिबेलने खाली येतो. चालकाला वाटते की आवाज मंदावला. तो बटण आणखी फिरवितो. वेटोळे आणखी तापते. मे महिन्यात झाशीचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीतले वेटोळे तर गाणे सुरू होण्यापूर्वीच तापलेले असते.

शक्ती आणि कानाला जाणवणारा आवाज यांचे नातेही सरळ नाही. शक्ती दुप्पट केली असता ध्वनिपातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज 'दुप्पट' झाला असे कानाला वाटण्यासाठी ती सुमारे १० डेसिबेलने वाढावी लागते, म्हणजे शक्ती दसपट करावी लागते. ३०० वॅटऐवजी ४०० वॅटचा विवर्धक घेतल्याने सव्वा डेसिबेलचा फरक पडतो. तो सामान्य श्रोत्याला कळणेही कठीण. शिवाय मोटारीची बंद खोली या तरंगांच्या मानाने इतकी लहान आहे, की फार खालच्या स्वरांना तिच्यात आपोआप बळ मिळते. मैदानावर जी शक्ती अपुरी पडेल, ती मोटारीत पुष्कळ होते.

खोक्यावरचे आकडे

मोटारीच्या रेडिओवर '४ × ५० वॅट' असे छापलेले पुष्कळांनी पाहिले असेल. हे विधान साध्या गणिताने तपासता येते. इंजिन चालू असता मोटारीतील विद्युत्-दाब फार तर १४.४ व्होल्ट असतो. दाब चढविण्याची वेगळी सोय नसल्यास ध्वनिक्षेपकाच्या दोन टोकांना याहून अधिक दाब मिळणे शक्य नाही. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. सुबक गोलाईच्या तरंगाची, गणितात ज्याला ज्यावक्र म्हणतात त्याची, सरासरी शक्ती शिखरावरच्या शक्तीच्या निम्मी असते. ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी ती २६ वॅटपेक्षा कमीच येते. आतील घट वजा जाता हाती १८ ते २२ वॅट उरतात. मग ५० वॅट कोठून आले? तरंगाची गोलाई पूर्णपणे छाटून त्याला चौकोनी केले, तर १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८ वॅट येतात. हा आकडा खोटा नव्हे. पण तो संगीताचा आकडा नव्हे. या शक्तीवर जे ऐकू येईल ती निव्वळ घरघर असेल.

विवर्धकांच्या खोक्यांवर तर '२,००० वॅट' असे आकडेही सर्रास आढळतात. त्यांची परीक्षा घेण्यास उपकरण लागत नाही. विवर्धकाच्या अंगावरचा फ्यूज पाहावा. फ्यूजवर ३० अँपिअर लिहिले असेल, तर ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट एवढीच शक्ती आत अखंडपणे जाऊ शकते. आजच्या 'डी' वर्गाच्या विवर्धकाची कार्यक्षमता शेकडा ८० धरली, तर बाहेर सुमारे ३३० वॅट निघतील. जुन्या 'एबी' वर्गाचा विवर्धक असेल तर याहून बऱ्याच कमी, कारण पूर्ण शक्तीवरही त्याची निम्म्याच्या आसपासची शक्ती उष्णतेत जाते. आत ४१४ आणि बाहेर २,००० हे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला मंजूर नाही.

खरेदीच्या वेळी विचारावयाचा आकडा एकच : अखंड शक्ती किती आणि ती किती ओहमला. माहितीपत्रकात हा आकडा 'आरएमएस' या अक्षरांपुढे असतो. काटेकोर बोलायचे तर हे नाव चुकीचे आहे, कारण वर्गांच्या सरासरीचे मूळ दाबाचे काढतात, शक्तीचे नव्हे. परंतु बाजारात ते रुळले आहे आणि त्याने काम भागते. 'सीईए-२००६' या अमेरिकन मानकाचा उल्लेख असेल तर अधिक बरे. यातील २००६ हा सन नसून मानकाचा क्रमांक आहे. मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार विवर्धकाची शक्ती १४.४ व्होल्ट दाबावर, ४ ओहमला आणि विकृती शेकडा १ पेक्षा वाढू न देता मोजावी लागते, आणि त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते.

ओहमचा हिशेब

विवर्धक किती शक्ती देईल हे त्याच्यावर एकट्यावर अवलंबून नसते; समोर किती संरोध आहे त्यावरही ते अवलंबून असते. उदाहरणादाखल एक जोडी घेऊ. सबवूफर १२ इंच व्यासाचा, ३०० वॅट अखंड शक्ती सोसणारा, आणि त्यात प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी आहेत. विवर्धक ४ ओहमला १८० वॅट व २ ओहमला ३०० वॅट देतो. २ ओहमपेक्षा कमी संरोध त्याला चालत नाही. खोक्यावर मात्र, रीतीप्रमाणे, १,२०० वॅट छापलेले आहे.

दोन्ही वेटोळी एकसर जोडली तर ४ आणि ४ मिळून ८ ओहम होतात आणि विवर्धक जेमतेम ९० वॅट देतो. तीच समांतर जोडली तर २ ओहम होतात, ३०० वॅट मिळतात आणि सबवूफरची सहनशक्ती व विवर्धकाची देणगी यांचा बरोबर मेळ बसतो. माल तोच, तारांची जागा तेवढी वेगळी. मेकॅनिकने कोणती जोडणी केली हे न विचारताच 'विवर्धक कमजोर आहे' असा निकाल देणारे पुष्कळ ग्राहक असतात.

आता या मोटारीत तसाच आणखी एक सबवूफर बसविला तर? चारही वेटोळी समांतर जोडल्यास संरोध १ ओहमवर येतो. विवर्धकावर त्याला न पेलणाऱ्या प्रवाहाची मागणी येते. संरक्षक योजना असेल तर तो स्वतःला बंद करून घेतो, नसेल तर आतील ट्रान्झिस्टर जळतात. वेटोळी एकसर व समांतर अशी मिश्र जोडून ४ ओहम करता येतात. पण मग एकूण शक्ती १८० वॅट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ९०. दोन शंकू मिळून हवा अधिक ढकलतात हे खरे, तरी शक्तीतील घट वजा जाता पूर्वीपेक्षा एक डेसिबेलही नफा होत नाही. डिकीतील जागा गेली, खर्च दुप्पट झाला, आवाज जवळजवळ तेवढाच राहिला.

लहान विवर्धकाने सबवूफर जळतो काय?

'विवर्धक लहान असला की सबवूफर जळतो' असे दुकानांतून छातीठोकपणे सांगितले जाते. या समजुतीत तथ्याचा अंश आहे, पण तो भलत्या ठिकाणी ठेवलेला आहे. कमी शक्तीने कोणतेही वेटोळे जळत नाही. तसे असते तर आवाज हळू ठेवणाऱ्या प्रत्येकाचे ध्वनिक्षेपक जळाले असते. होते ते असे. लहान विवर्धकाकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा केली की तो आपल्या मर्यादेशी पोहोचतो आणि तरंगांची शिखरे सपाट कापली जातात. कारागीर याला 'क्लिपिंग' म्हणतात. शिखरे पूर्णपणे छाटली गेली तर १०० वॅटचा विवर्धक २०० वॅटपर्यंत शक्ती सोडू शकतो. समोर १०० वॅटचा सबवूफर असेल तर तो जळेल. ५०० वॅटचा असेल तर आवाज फाटेल, वेटोळे सुरक्षित राहील. दोष लहानपणाचा नसून ताणाचा आहे.

यावरून निवडीचा नियम निघतो. विवर्धकाची अखंड शक्ती, प्रत्यक्ष जोडलेल्या संरोधाला, सबवूफरच्या अखंड शक्तीच्या पाऊणपट ते दीडपट या मर्यादेत असावी. बरोबर तेवढीच असेल तर उत्तम. चुकायचेच असेल तर थोड्या मोठ्या विवर्धकाच्या बाजूने चुकावे, कारण मोठा विवर्धक हळू चालविता येतो आणि तेव्हा त्याचे तरंग निर्दोष राहतात. मात्र वापरणाऱ्याचा हात आवरता नसेल तर हा सल्ला उलटा पडतो.

वेटोळे जळण्याखेरीज दुसरीही एक हानी असते. तेवढाच आवाज निम्म्या कंपनसंख्येवर काढायचा, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला जो शंकू अर्धा मिलिमीटर हलतो, त्याला २० हर्ट्झला ८ मिलिमीटर हलावे लागेल. भोक असलेल्या पेटीत, ती ज्या स्वरावर जुळविली असेल त्याच्या खाली, शंकूला हवेचा आधारच उरत नाही आणि वॅट मर्यादेत असूनही तो आपटून फाटतो. अशा पेटीसाठी अतिमंद्र स्वर गाळणारी चाळणी विवर्धकात असणे आवश्यक आहे.

बॅटरी, तार आणि फ्यूज

वरील उदाहरणातील विवर्धक पूर्ण शक्तीवर सुमारे २७ अँपिअर प्रवाह ओढील. लहान मोटारीचा अल्टरनेटर साधारणतः ६० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यावर दिवे, पंखे व इंजिनाची विद्युत्-यंत्रणाही चालवावयाची असते. संगीतात ठोक्यांमधले अंतर असल्याने सरासरी प्रवाह तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ९ अँपिअर धरता येईल. इंजिन चालू असता याची काळजी नाही. इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी ऐकली, तर मात्र ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मा साठा संपतो.

तारेचा प्रश्न याहून गंभीर आहे. बॅटरी पुढे, विवर्धक मागे. तार पाच मीटर तरी लागते. ४ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत २७ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट दाब हरवतो आणि १६ वॅट उष्णता तारेतच निर्माण होते, तीही गालिच्याखाली, जेथे वारा लागत नाही. १६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट ०.१५ व्होल्टवर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही तांब्याच्या रंगात मिळते; तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. तार खरवडून पाहिली की आतला पांढरा धातू दिसतो.

विवर्धकावर फ्यूज असला तरी बॅटरीजवळ, हातभर अंतराच्या आत, दुसरा फ्यूज बसवावाच लागतो. विवर्धकावरचा फ्यूज विवर्धकाला वाचवितो. पाच मीटर तारेला वाचविणारा फ्यूज तिच्या सुरुवातीलाच हवा. पत्र्याच्या कडेवर घासून तारेचे आवरण फाटले आणि मध्ये फ्यूज नसला, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि मोटार पेट घेते. फ्यूजचे मोल या मानाने इतके अल्प आहे, की तो वगळणाऱ्या कारागिराकडे मोटार देऊच नये.

घराबाहेरचे कान

८६ डेसिबेल संवेदनक्षमतेच्या सबवूफरला ३०० वॅट दिले, तर मोकळ्यावर एक मीटरवर सुमारे १११ डेसिबेल पातळी होते. बंद मोटारीत त्याहूनही जास्त. मंद्र स्वर कानाला मधल्या स्वरांइतके घातक नसतात, हे खरे. पण ठोका वाढला की शब्द ऐकू यावेत म्हणून बाकीचा आवाजही वाढविला जातो, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा त्यात बुडून जातो. ८५ डेसिबेलला दिवसाचे आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा, असे श्रवणरक्षणाचे एक प्रचलित माप आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबेलला केवळ पाव तास मिळतो.

भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली करण्यात आले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा त्यांत आहे. हे मोजमाप 'ए' मापश्रेणीवर होते, आणि ती श्रेणी ५० हर्ट्झच्या ध्वनीतून तब्बल ३० डेसिबेल वजा करते, कारण माणसाचा कान मंद्र स्वरांना कमी संवेदनशील आहे. त्यामुळे मापकावर आकडा मर्यादेत दिसत असूनही शेजारच्या घराची तावदाने हलत असतात. जुन्या तटाभोवतीच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत हा फरक रोज अनुभवास येतो.

बटण कोठे ठेवावे?

विवर्धकावर 'गेन' लिहिलेले एक बटण असते. ते आवाजाचे बटण नव्हे. रेडिओकडून येणारा संकेत आणि विवर्धकाची पूर्ण शक्ती यांची गाठ घालून देण्यासाठी ते आहे. ते शेवटपर्यंत फिरविल्याने शक्ती वाढत नाही. शिखरे कापली जाण्याची वेळ तेवढी लवकर येते. योग्य जागा शोधण्यास साधा मल्टिमीटर पुरतो.

प्रथम लक्ष्य-दाब काढावा : शक्ती गुणिले संरोध आणि त्याचे वर्गमूळ. ३०० वॅट व २ ओहमसाठी ६०० चे वर्गमूळ, म्हणजे २४.५ व्होल्ट. सबवूफरच्या तारा विवर्धकापासून सोडवाव्यात, स्वर वाढविणारी सर्व बटणे शून्यावर आणावीत, गेन सर्वांत कमी ठेवावा आणि इंजिन चालू करावे. ५० हर्ट्झचा अखंड स्वर ध्वनिमुद्रित रूपात सहज मिळतो. तो वाजवून रेडिओचा आवाज तीन चतुर्थांशांवर न्यावा. ५० हर्ट्झच निवडण्याचे कारण असे, की आपल्याकडील घरगुती वीज त्याच कंपनसंख्येची असल्याने स्वस्त मल्टिमीटरही ती अचूक मोजतो. नंतर विवर्धकाच्या बाहेरच्या टोकांवर प्रत्यावर्ती दाब मोजत गेन हळूहळू वाढवावा आणि २४.५ व्होल्ट दिसताच थांबावे. मग बटणाशेजारी रंगाची एक खूण करावी, इंजिन बंद करून सबवूफरच्या तारा पूर्ववत जोडाव्यात, आणि गाणे लावून आवाज फाटत नाही ना, हे एकदा काचा उघड्या ठेवून ऐकावे.